नवव्या वर्षीची चाळिशी

आमच्या घरात सध्या चाळिशी लावणारी माणसे दोन. एक मी, वय वर्षे ६७. दुसरी माझी नात, वय वर्षे ९.

गोष्ट पावसाळ्यातली. लोणावळ्याचा पाऊस मुलांना घराबाहेर पडू देत नाही, म्हणून संध्याकाळी नातीचा अभ्यास घेण्याचे काम माझ्याकडे आले. पहिले पान ती खणखणीत वाचायची. दुसऱ्या पानावर ओळ सुटायची, मग डोळे चोळणे, मग 'आजोबा, डोकं दुखतंय.' पुस्तक मिटून चिक्कीचा डबा उघडला की डोके थांबायचे. बँकेच्या खुर्चीत बसून आयुष्यभर कर्जदारांच्या सबबी ऐकलेला मी माणूस. ही सबबही मी त्यातच जमा केली. 'लक्ष दे' एवढाच मंत्र जपत राहिलो. एकदा 'आळशी' असेही म्हणून गेलो. तिने ते खाली मान घालून ऐकून घेतले.

शंका घ्यायला जागाही नव्हती. शाळेत डोळे तपासून झाले होते. ६ मीटरवरचा तक्ता तिने एकेक डोळा झाकून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला होता. शेरा होता, दृष्टी उत्तम.

सूनबाईंनी मात्र हट्टच धरला. उघडीप बघून आम्ही लोकलने तळेगावला गेलो. तिथल्या डॉक्टरबाईंनी आधी तक्ता वाचून घेतला. तो नातीने बिनचूक वाचला. मग डोळ्यांत औषधाचे थेंब घालून तिला बराच वेळ बसवले आणि पुन्हा तपासले. दोन्ही डोळ्यांना अधिक ३ नंबर निघाला.

'मग तक्ता वाचला कसा?' मी विचारले.

'जोर लावून, काका,' त्या म्हणाल्या.

नंबर म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर फळा न दिसणारे मूल येते. हा प्रकार उलटा. डोळ्याचा गोळा थोडा आखूड असतो, त्यामुळे प्रतिमा पडद्याच्या मागे जमू पाहते. पण लहान मुलांचे नेत्रभिंग मऊ असते. भोवतीचा स्नायू आवळला की ते फुगते आणि प्रतिमा जागेवर येते. साधारण ३३ सेंटिमीटरवरचे पुस्तक वाचायला कोणाही मुलाला ३ नंबराएवढा जोर लावावा लागतो. माझ्या नातीला लांबचे बघायलाच ३ लागत होते, पुस्तकाला आणखी ३, म्हणजे एकूण ६. मुलांची शिल्लक मोठी म्हणून ते निभावते. पण पान उलटेपर्यंत खाते आटते आणि ओळी हलू लागतात.

बँकेतल्या माणसाला हे लगेच कळावे. ३१ मार्चला ताळेबंद सजवून दाखवणारे व्यापारी मी पुष्कळ पाहिले. थेंबांनी स्नायू सैल पडतो आणि झाकलेली बाकी वर येते, एवढाच काय तो प्रकार.

परतीच्या लोकलमध्ये मळवली जवळ आले. आभाळ मोकळे होते, लोहगड आणि विसापूर लख्ख दिसत होते. नात खिडकीतून बघत म्हणाली, 'आजोबा, डोंगरावर धुकं आलं?' धुके कुठेच नव्हते. औषधाने जोर काढून घेतला होता, म्हणून डोंगर पुसट झाले होते. नुसता डोंगर बघायलाही हे पोर इतके दिवस कष्ट घेत होते! माझा 'आळशी' हा शब्द त्या क्षणी माझ्याच तोंडावर आपटला.

उताराला डोळ्यांत जी मंदता येते ती भिंग कडक होण्याने. मुलांचा हा दोष गोळ्याच्या घडणीचा. चष्मा मात्र दोघांनाही बहिर्वक्र भिंगाचाच. हॉलंडचे नेत्रवैद्य डोंडर्स यांनी १८६४ च्या ग्रंथात हा फरक नीट मांडला.

मुलांच्या तक्रारी आणखीही असतात. काहींचे दोन डोळे पुस्तकावर एकत्र वळत नाहीत, अक्षरे दुहेरी होतात. त्याला व्यायाम आहेत. अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या २२१ मुलांच्या चाचणीत नुसत्या पेन्सिलीच्या व्यायामापेक्षा दवाखान्यात तज्ज्ञांपुढे केलेले आणि घरी गिरवलेले व्यायाम सरस ठरले. मात्र त्याने वाचन आपोआप सुधारते, असे पुढच्या २०१९ च्या चाचणीत दिसले नाही.

दवाखान्यात पवन मावळातली एक आई भेटली. तिच्या पाच वर्षांच्या मुलाच्या एका डोळ्याचा नंबर बराच जास्त. अशा वेळी मेंदू त्या डोळ्याचे ऐकणेच सोडतो. त्याला आळशी डोळा म्हणतात. चष्मा देऊन चांगल्या डोळ्यावर रोज २ तास पट्टी लावायची होती. 'शेतीची कामं टाकून यावं लागतं,' ती म्हणाली, 'पण डॉक्टर म्हणतात, आत्ताच.' डॉक्टरांचे खरे आहे. सातव्या वर्षाच्या आत उपचार उत्तम लागू पडतात. पुढेही उपयोग होतो, पण कमी. बँकेचा हप्ता थकला तर मुदतवाढ मिळते, इथे मिळेलच असे नाही.

लोणावळ्याला योगाची मोठी परंपरा आहे. कैवल्यधाम १९२४ पासून इथे आहे. साहजिकच शेजाऱ्यांनी त्राटक सुचवले. त्राटकाने मन एकाग्र होत असेल, पण डोळ्याचा आखूड गोळा त्याने लांब होत नाही. गाजरानेही नाही.

तेव्हा पालकहो, लांबचा तक्ता वाचला म्हणून निश्चिंत राहू नका. वाचताना ओळ सुटणे, डोळे चोळणे, एक डोळा मिटणे, अभ्यासाच्या वेळीच डोके दुखणे, डोळा तिरळा होणे यांतले काही दिसले तर नेत्रतज्ज्ञांकडे जा आणि थेंब घालून तपासायला हवे का, हे विचारा.

चष्म्यानंतर काही आठवड्यांत डोकेदुखी थांबली. वाचन सुधारायला मात्र महिने लागले. मागे पडलेले कोणी एका दिवसात भरून काढत नाही. मी तिची माफी मागितली. 'असू दे हो आजोबा,' ती म्हणाली आणि पुस्तकातून मान वर न काढता पुढचे पान उलटले.