नगरचा डॉक्टर, गोव्याचं गुपित

ऑफिसात स्वतःचं किती दाखवायचं आणि किती झाकायचं? निजामशहाच्या दरबारात येणाऱ्या एका डॉक्टरची गोष्ट वाचा, मग ठरवा.

नवीन ऑफिसातला पहिला दिवस. गळ्यात आयडी कार्ड, हातात कटिंग. शेजारच्या टेबलावरचा सीनियर विचारतो, ‘आडनाव काय?’ आपण सांगतो. तो क्षणभर थांबतो. ‘म्हणजे मूळचे कुठले?’ प्रश्न तसा साधाच, पण त्यामागचं स्कॅनिंग आपल्याला बरोबर कळतं. मग कुणी आडनाव गिळून फक्त पहिलं नाव सांगतं, कुणी डब्यात काय आणायचं ते बदलतं, तर कुणी फ्लॅट भाड्याने घेताना मित्राला पुढे करतं. छोट्या छोट्या तडजोडी. पण रात्री झोपताना वाटतंच, की आपण खोटं वागतोय का?

या प्रश्नावर ज्यू विचारवंतांनी शेकडो वर्षं डोकं खपवलंय. आणि त्याचा एक धागा थेट आपल्या नगरपर्यंत, म्हणजे आजच्या अहिल्यानगरपर्यंत येतो.

निजामशहाचा दोस्त

सोळाव्या शतकातलं अहमदनगर इमॅजिन करा. आज पर्यटक बघायला जातात तो भुईकोट किल्ला तेव्हा दगडी नव्हता, मातीचा होता. गादीवर बुऱ्हाण निजामशहा. दरबारात इराणहून आलेले विद्वान, हकीम, दख्खनी सरदार. अगदी कॉस्मोपॉलिटन माहौल! या दरबारात गोव्याहून एक पोर्तुगीज डॉक्टर यायचा. गार्सिया द ओर्ता. तो निजामशहावर उपचार करायचा आणि त्याचा दोस्तही होता.

ओर्ता 1534 मध्ये पोर्तुगालहून गोव्यात उतरला. कागदोपत्री तो ख्रिश्चन होता. पण त्याचे आईवडील मूळचे स्पेनमधले ज्यू. 1492 मध्ये स्पेनने सगळ्या ज्यूंना देशाबाहेर काढलं, तेव्हा ते पोर्तुगालला आले. तिथे 1497 मध्ये ज्यूंचं सक्तीने धर्मांतर झालं. अशा घरांना ‘नव-ख्रिस्ती’ म्हणत, आणि त्यांच्यावर कायम संशयाची नजर असे. म्हणजे ‘मूळचे कुठले?’ हा प्रश्न ओर्ताच्या जन्माआधीच त्याच्या पाठीशी लागला होता.

1563 मध्ये गोव्यात त्याचं पुस्तक छापलं गेलं. भारतातल्या औषधांवर, मसाल्यांवर, फळांवर. सगळं पुस्तक गप्पांच्या फॉर्ममध्ये आहे. एका बाजूला ओर्ता स्वतः, दुसऱ्या बाजूला रुआनो नावाचा काल्पनिक डॉक्टर. रुआनो जुन्या ग्रीक पंडितांचे दाखले देतो, ओर्ता म्हणतो की मी इथे डोळ्यांनी पाहिलंय ते वेगळं आहे. इथल्या वैद्यांकडून आणि हकिमांकडून शिकलेलं तो मोकळेपणाने सांगतो. कॉलऱ्याचं वर्णन करताना तर तो इथला स्थानिक शब्दच देतो. आपली आजी म्हणायची तो, ‘मोडशी’!

खरं कुठूनही घ्या

संवादाचा फॉर्म तेव्हा युरोपातही फॅशनमध्ये होता, त्यामुळे हे सगळं ओर्ताच्या ज्यू वारशातून आलं असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण ज्यू परंपरेशी ते जुळतं खरं. तालमूद हा त्यांचा मोठा ग्रंथ म्हणजे पानोपानी वाद. हिलेल आणि शम्माई या दोन गुरूंच्या घराण्यांचं कशावरच एकमत होत नाही. निकाल बहुतेक वेळा हिलेलच्या बाजूने लागतो, तरी हरलेल्या बाजूचं म्हणणंही जपून लिहून ठेवलंय. आपल्या मीटिंगच्या मिनिट्समध्ये असं कधी होतं का? बॉसच्या विरोधात गेलेलं मत तिथे सापडतच नाही!

बाराव्या शतकातला मायमोनिडीस हा ज्यू तत्त्वज्ञही डॉक्टरच होता, कैरोमध्ये. ग्रीक आणि अरब विचारवंतांकडून त्याने भरपूर घेतलं. सांगणारा कोण आहे यापेक्षा सांगितलेलं खरं आहे का ते बघा, असा त्याचा फंडा.

जीव की सत्य?

मायमोनिडीसच्या लहानपणी स्पेनमध्ये कट्टर राजवट आली आणि त्याच्या कुटुंबाला घरदार सोडावं लागलं. पुढे सक्तीने धर्म बदलावा लागलेल्या लोकांसाठी त्याने एक पत्र लिहिलं. कुणा कडक धर्मगुरूने अशा लोकांना पार बहिष्कृत ठरवलं होतं. मायमोनिडीस त्याच्यावर भडकला. त्याचं म्हणणं साधारण असं: जिवावर बेतलं म्हणून तोंडाने चार शब्द म्हटले, तेवढ्याने माणूस परका होत नाही. पण जिथे उघडपणे जगता येईल अशा जागी जायची तयारी मात्र ठेवा. लपून जगण्याची सवय लावून घेऊ नका.

यामागे ज्यू नीतीचा एक मोठा नियम आहे. जीव वाचवण्यासाठी जवळजवळ प्रत्येक धर्मनियम मोडता येतो. शनिवारी, म्हणजे शब्बाथच्या दिवशी, काम बंद ठेवायचं, पण पेशंट सीरियस असेल तर डॉक्टरने धावायलाच हवं. अपवाद मोजके, आणि त्यातला एक फार महत्त्वाचा आहे. आपला जीव वाचवण्यासाठी दुसऱ्या निरपराध माणसाचा जीव घेता येत नाही.

ओर्ताने काय केलं? निजामशहाकडून त्याला भरपूर मान मिळत होता. पण तो कायमचा नगरला राहिला नाही, गोव्यातच राहिला. 1560 मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय सुरू झालं. 1568 मध्ये ओर्ता वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला गुपचूप ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून जिवंत जाळण्यात आलं. घरच्यांच्या जबान्यांमधून ओर्ताचंही नाव आलं. 1580 मध्ये त्याची हाडं कबरीतून उकरून जाळली. तोवर पुस्तकाचा लॅटिन संक्षेप मात्र युरोपभर पोहोचला होता.

या गोष्टीतला सगळ्यात वाईट भाग कोणता, माहितीये? आगीपेक्षाही त्या जबान्या. अशा यंत्रणा भावाला बहिणीविरुद्ध, नवऱ्याला बायकोविरुद्ध बोलायला लावतात. स्वतः लपणं एक वेळ समजू शकतं. पण स्वतः सुटण्यासाठी दुसऱ्याचं नाव पुढे करणं ही वेगळीच गोष्ट आहे, आणि याचं छोटं व्हर्जन प्रत्येक ऑफिसात अप्रेझलच्या सीझनला बघायला मिळतं.

जे निघाले, ते

मायमोनिडीसचा सल्ला मानावा तसं वागलेला एक माणूसही आपल्या जवळचाच. डेव्हिड ससून. बगदादच्या गव्हर्नरचा जाच सुरू झाला, तेव्हा तो निघाला आणि 1832 मध्ये मुंबईत आला. व्यापारात गडगंज झाला आणि त्याने दानही अफाट केलं. पुण्याचं ससून हॉस्पिटल आणि ‘लाल देऊळ’ म्हणून ओळखलं जाणारं सिनेगॉग, दोन्ही 1867 ची. नगर जिल्ह्यातल्या कितीतरी घरांना ‘ससूनला न्या’ हे वाक्य पाठ आहे. मात्र ससून कंपनीच्या कमाईत अफूचा व्यापारही होता. म्हणजे दान दिलं की नीतीचा हिशेब संपला, असं नाही.

आणि आपले कोकणातले बेने इस्रायल? ‘शनिवार तेली’ म्हणून ते गावात उघडपणे राहिले. शनिवारी घाणा बंद. त्यांच्या धर्मनियमात ही सुट्टी जनावरांनाही आहे, म्हणजे घाण्याच्या बैलालासुद्धा वीकली ऑफ! शेजाऱ्यांनी त्यांना नाव दिलं तेही त्यांच्या सुट्टीवरून. इथे लपायची वेळच आली नाही. 2016 मध्ये महाराष्ट्र सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला.

आधी चेहरा

विसाव्या शतकात इमॅन्युएल लेव्हिनास हा ज्यू तत्त्वज्ञ पाच वर्षं जर्मन कैदेत होता. लिथुआनियातलं त्याचं कुटुंब नाझींच्या काळात मारलं गेलं. त्यानंतर त्याने मांडलेला विचार साध्या भाषेत असा: समोरच्या माणसाचा चेहरा दिसला की त्याची जबाबदारी आपल्यावर येते. तो कोण, कुठला, आपल्यातला की परका, हे सगळे प्रश्न नंतरचे.

पेशंटची नाडी बघताना डॉक्टर हेच करतो. निजामशहा मुसलमान, ओर्ता कागदावर ख्रिश्चन आणि घरात बहुधा ज्यू. पण ताप आलेल्या माणसाच्या उशाशी त्यातलं काय उरत असेल?

तेव्हा उद्या ऑफिसात कुणी नवीन आलं, तर आडनावाआधी ‘चहा घेणार का?’ एवढंच विचारून बघा. आणि कुणी त्याला ‘मूळचे कुठले?’ म्हणून खोदायला लागलं, तर विषय बदलायचं काम तुमचं. त्याला त्या दिवशी काही झाकावं लागणार नाही.