वर्सोव्याचा किनारा आणि शेजाऱ्यांचे श्रमदान
मुंबईच्या वर्सोवा किनाऱ्यावर ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोज शाह या वकिलांनी एका वयोवृद्ध शेजाऱ्यासह कचरा उचलण्यास सुरुवात केली आणि हळूहळू कोळी बांधव, विद्यार्थी व इतर रहिवासी सुट्टीच्या दिवशी त्यांना येऊन मिळाल्याने या कामाला श्रमदानाचे, म्हणजे सार्वजनिक हितासाठी मोबदला न घेता केलेल्या अंगमेहनतीचे, व्यापक रूप आले. भरतीबरोबर प्लास्टिक पुन्हा वाळूवर येत असल्याने हे काम एकदा करून संपणारे नव्हते, आणि म्हणूनच त्यातील सातत्य विशेष मोलाचे ठरते. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी शाह यांना ‘चॅम्पियन्स ऑफ द अर्थ’ हा पर्यावरण पुरस्कार दिला. मार्च २०१८ मध्ये तर येथे ऑलिव्ह रिडले या सागरी कासवांची पिल्ले आढळली. किनाऱ्यालगतची सार्वजनिक स्वच्छतागृहे धुणे आणि नारळाची रोपे लावणे हीदेखील स्वयंसेवकांनीच केलेली कामे होत.