जिऱ्यांचं भांडण

श्रावणात बोडीच्या, म्हणजे छोट्या तळ्याच्या, पाळीवर उभं राहिलं की पाण्यावर कधी कधी कुंकू सांडल्यासारखं दिसतं. तळहाताएवढा लाल-केशरी डाग. तो सरकतो, बुडतो, हातभर अंतरावर पुन्हा उगवतो. ती मरळीची पिल्लं. खालच्या गढूळ पाण्यात आई-बाप पहाऱ्याला असतात. काठी घालून पाहिलीत तर पाणी असं उसळतं की काठी टाकून मागे सरावं. सिंदेवाहीकडे मामांच्या बोडीवर हा डाग मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा सातवीत होतो. आता निवृत्त झालो, तरी पावसाळ्यात एक चक्कर त्या डागासाठी होतेच. घरचे याला वेड म्हणतात. असू दे.

मोठ्या माशांचं कौतुक सगळेच करतात. कटला किती किलोचा निघाला, याच्या गप्पा चंद्रपूरच्या मासळी बाजारात रोज ऐकू येतात. मला ओढ जिऱ्यांची. अंड्यातून नुकतंच बाहेर पडलेलं, जेमतेम 6 ते 8 मिलिमीटरचं पिल्लू म्हणजे जिरे. मसाल्याच्या डब्यातलं जिरं आठवा, नाव कुठून आलं ते कळेल. ते इंचभर झालं की बीज, आणि बोटाएवढं झालं की बोटुकली.

मत्स्यशेतीची पुस्तकं तलावाचं वर्णन तीन मजली वाड्यासारखं करतात. कटल्याचं तोंड वर वळलेलं, म्हणून तो वरच्या थरातले सूक्ष्म प्राणी खातो. रोहूच्या ओठांना झालर, तो मधल्या थरात वनस्पती कुरतडतो. मृगळ तळाशी गाळ चाळतो. तीन भाडेकरू, तीन चुली, भांडणाला जागाच नाही. हे चित्र मी कित्येक वर्षं खरं मानलं. मग नागभीडजवळच्या एका तलावावर एका म्हाताऱ्या ढिवर, म्हणजे मासेमार, काकांनी मला खाली बसवलं आणि म्हणाले, "बाबू, लहानपणी समद्यायचं तोंड एकच असते."

त्या एका वाक्यात सगळा विषय आला. मजले पडतात ते पुढे. जिरे असताना तिघांचीही तोंडं इतकी बारीक की चक्रधर प्राणी आणि पाणपिसवा यांच्यापलीकडे फारसं काही तोंडात मावतच नाही. म्हणजे उद्या जे वेगवेगळ्या चुलींवर जेवणार, ते आज एकाच ताटावर तुटून पडलेले. संवर्धन तळ्यात हेक्टरी 30 ते 50 लाख जिरे सोडतात आणि पंधरा-वीस दिवसांनी त्यातले तिसऱ्या हिश्शाने हाती लागले तरी शेतकरी खूश असतो. बाकीचे कुठे जातात? काही पाणकिड्यांच्या आणि चतुराच्या अळ्यांच्या पोटात, काही पाणी बिघडून, काही नुसत्या उपासाने. पहिल्या दोन दिवसांत ज्याला चार घास जास्त मिळाले, तो केसभर मोठा होतो. मोठा झाला म्हणून आणखी खातो. आठवड्याने एकाच अंडकुळीतली भावंडं ओळखू येत नाहीत. मरळीत तर थोरला धाकट्याला गिळूनच मोकळा होतो.

माझा एक मूर्खपणा इथे कबूल करतो. एका वर्षी हौसेने कटला-रोहूच्या बीजाच्या दोन पिशव्या आणून मामांच्या बोडीत सोडल्या. मरळीची पिल्लं त्याआधी महिनाभर बाहेर पडून चांगली दणकट झाली होती. उन्हाळ्यात बोडी आटली तेव्हा कटला एकही नव्हता. मामी हसून म्हणाल्या, "मरळीले जेवण घातलं तुम्ही." आधी आला त्याचं राज्य, हे मी पैसे मोजून शिकलो.

नेमका हाच वाद समुद्रातही झालेला आहे. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर पीटर सेल या शास्त्रज्ञाने 1970च्या दशकात डॅमसेल कुळातले छोटे, भांडकुदळ मासे पाहिले. प्रवाळाच्या तुकड्यांत एक जागा रिकामी झाली की ती कोणत्या जातीला मिळणार? त्याचं म्हणणं असं की ती सरस जातीला मिळेलच असं नाही. खुल्या समुद्रातून वाहत येणाऱ्या पिल्लांपैकी जे वेळेवर पोहोचलं, ते मालक. लॉटरीच. पुढे इतरांनी दाखवलं की आधीच ठाण मांडून बसलेलं पिल्लू नव्याला हुसकावतं, त्याला कोपऱ्यात ढकलतं आणि तिथे शिकारी त्याला टिपतो. हे वाचलं तेव्हा मला मामींचं हसू आठवलं. फरक इतकाच की प्रवाळावर सोडत समुद्र काढतो, आमच्याकडे पिशवीवाला.

आता थोडा इतिहास, नाही तर संपादक रागावतील. गोंड राजांच्या काळात, मुख्यतः कोहळी समाजाने, धानासाठी आमच्याकडचे हे तलाव बांधले. पुढे ते मालगुजारांकडे होते. 1950च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि ते 'माजी मालगुजारी', थोडक्यात 'मामा' तलाव झाले. पूर्व विदर्भात ते साडेसहा हजारांहून अधिक आहेत. झाला इतिहास.

मला त्याहून गंमत वाटते ती मोहाची. ज्या मोहाची फुलं गडचिरोलीच्या जंगलात चैत्रात वेचतात, त्याच्याच टोळीचं, म्हणजे बीचं, तेल काढून उरलेली ढेप तळ्यात टाकतात, हेक्टरी साधारण 2500 किलो. तिच्यातल्या विषाने नको असलेले मासे मरतात. दोन-तीन आठवड्यांत विष ओसरतं आणि उरतं ते खत. त्या खतावर पाणपिसवा पोसतात, त्यांच्यावर जिरे. मग शेंगदाण्याची ढेप आणि धानाचा कोंडा. एका झाडाने आधी मैदान मोकळं करायचं आणि मग पंगतही घालायची!

पण 'नको असलेले मासे' कोण? तेच, मरळ, बोटरी, शिंगूर, दाडक. इथे माझं सरकारी पुस्तकांशी जमत नाही. कटला-रोहू साचलेल्या पाण्यात आपणहून वीत नाहीत, त्यांना नदीचा पूर लागतो. 10 जुलै 1957 रोजी ओडिशातल्या अंगुलला हिरालाल चौधुरींनी पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून त्यांचं प्रजनन घडवलं, म्हणून आज पिशवीत बीज मिळतं. शोध मोठा, शंका नाही. पण मरळ फुकट वाढते, पिल्लं स्वतः सांभाळते आणि बाजारात कटल्यापेक्षा महाग जाते. सिरोंच्याहून नदी ओलांडली की तेलंगण. त्या राज्याने तिला राज्यमासा केलं आहे. आपण तिला ढेप घालतो.

भंडाऱ्याच्या मनीष राजणकरांनी ढिवरांना बरोबर घेऊन तलावांतली बेशरमाची झुडपं काढून मूळच्या पाणवनस्पती लावण्याचं काम केलं आहे. त्यामागचं मर्म मला प्रवाळाबद्दल वाचल्यावर उमगलं. लहानग्यांचं भांडण थांबत नसतं; लपायला कपारी असल्या तर हरलेलाही जगतो. समुद्रात ती कपार प्रवाळाची, आमच्याकडे पाण्यातल्या गवताची.

गेल्या मे महिन्यात मामांच्या त्याच बोडीत घोटाभर चिखल उरला होता. गवताच्या मुळाशी पोरांनी हात घातला आणि एक मरळ निघाली, कोपराएवढी. भाच्याने ती बादलीत टाकली, वर ताट झाकलं, आणि ताट रात्रभर वाजत राहिलं.