दिवा मंदावताना

नाट्यगृहासाठी किंवा देवळासाठी एलईडी दिवे घ्यायचे ठरले की पहिला प्रश्न निघतो वॅटचा, दुसरा किमतीचा आणि तिसरा रंग किती मिळतील याचा. हे प्रश्न गैर नाहीत, पण दिव्याचा कस त्यांतून लागत नाही. तो लागतो दिवा मंदावताना. पूर्ण उजेडात जवळजवळ कुठलाही एलईडी छाप पाडतो. त्याला शेवटच्या दहा टक्क्यांत आणा, त्यातून हळूहळू अंधारात न्या, आणि त्या वेळी समोरच्या माणसाचा चेहरा कसा दिसतो ते पाहा. हा दिवा रंगमंचाच्या कामाचा आहे की लग्नाच्या मांडवाच्या, ते तेवढ्यात कळतं. आपल्याकडे महापालिकेची नाट्यगृहं असोत वा देवस्थानं, खरेदी होताना हीच गोष्ट कागदावर येत नाही, आणि मग वीस वर्षं टिकायची खरेदी दोन वर्षांत डोळ्यांना बोचू लागते.

जुन्या हॅलोजन दिव्यात टंगस्टनची तार असते. वीज तिला तापवते आणि तापलेली तार उजळते. आत गेलेल्या विजेचा फार मोठा भाग उष्णता म्हणून वाया जातो. रंगभूमीला मात्र त्या उधळपट्टीतून दोन गोष्टी फुकट मिळत होत्या. पहिली म्हणजे वीज तोडली तरी तार लगेच थंड होत नसे. गॅस बंद केल्यावरही तवा काही वेळ तापलेला राहतो, तसंच ते. डिमर चालवणाऱ्या हाताला थोडा धक्का बसला तरी तार तो पोटात घेई आणि प्रकाश सलग उतरे. दुसरी गोष्ट रंगाची. पूर्ण तापलेली तार साधारण ३२०० केल्विनचा पिवळसर पांढरा प्रकाश देते. वीज कमी केली की ती आधी केशरी आणि मग लालसर होत विझते. मावळतीला आणि विझत्या निखाऱ्यालाही हीच उतरण असते, म्हणून रंगमंचावरची संध्याकाळ प्रेक्षकाला खरी वाटे. त्यासाठी कुणी वेगळं काही करत नव्हतं.

एलईडीला हे दोन्ही जमत नाही. त्यात तापणारी तारच नाही. वीज तुटली की प्रकाश तत्क्षणी तुटतो, आणि मंद केला तरी रंग जिथल्या तिथे राहतो. त्यात भर म्हणजे दिव्यांना हुकूम पोचवण्याची डीएमएक्स ५१२ ही पद्धत १९८६ साली अमेरिकेत ठरली, ती डिमरसाठी. तिच्या एका वाहिनीवर ० ते २५५ इतक्याच पायऱ्या असतात. वरच्या टोकाला २५४ आणि २५५ यांतला फरक कुणाला दिसणार नाही, पण सरळ हिशेबात १ वरून २ वर जाताना प्रकाश दुप्पट होतो. तार हा धक्का जिरवून टाकी. एलईडी तो जसाच्या तसा दाखवतो. त्यामुळे वीस सेकंदांचा फेड आउट शेवटच्या चार-पाच सेकंदांत पायऱ्या उतरल्यासारखा दिसतो आणि अखेर टचकन तुटतो. नाटकातला सगळ्यात हळवा क्षण बहुधा याच चार-पाच सेकंदांत असतो.

यावर उपाय आहेत, पण ते विचार करून मागावे लागतात. दोन वाहिन्या जोडून १६ बिटांचा हुकूम दिला की २५६ च्या जागी ६५,५३६ पायऱ्या मिळतात. दिव्याच्या आतल्या सर्किटमध्ये तारेसारखी सुस्ती मुद्दाम घालता येते, आणि मंद होताना लालसर होण्याची सोयही. बरेच एलईडी मंद करताना प्रत्यक्षात अतिवेगाने चालू-बंद केले जातात. हा वेग कमी असला की कॅमेऱ्यात काळ्या पट्ट्या सरकताना दिसतात. थेट दर्शन दाखवणाऱ्या देवस्थानांना ही अडचण नवी नसेल. तारेने जे आपोआप दिलं, ते एलईडीत कुणी तरी ठरवावं लागतं आणि त्याचे पैसे मोजावे लागतात. माझ्या मते या यंत्राबद्दल समजून घेण्यासारखी मुख्य गोष्ट हीच.

जुनं ते सोनं असा या बोलण्याचा अर्थ कुणी लावू नये. लंडनच्या सॅव्हॉय थिएटरात १८८१ साली विजेचे दिवे आले, तरी नट हेन्री आयर्विंगने लायसियम थिएटरात गॅसच्या दिव्यांचा आग्रह सोडला नाही. विजेचा प्रकाश त्याला रुक्ष वाटे. पुढे त्याच विजेच्या दिव्याला रंगभूमीने आपलंसं केलं. कलकत्त्याचे प्रकाशयोजनाकार तापस सेन यांनी ‘अंगार’ या नाटकात कोळशाच्या खाणीत शिरणारं पाणी उभं केलं ते साध्या, तुटपुंज्या साधनांतून. एलईडीचंही तसं होईल, होतही आहे. त्याचे फायदे खरे आहेत. १००० वॅटचे २४ हॅलोजन ‘पार’ दिवे लावले तर २४ किलोवॅट लागतात, म्हणजे २३० व्होल्टवर शंभर अँपिअरच्या वर. आपल्या भाड्याच्या बाजारात सर्रास मिळणारे, ३ वॅटच्या ५४ एलईडींचे तेवढेच पार चार किलोवॅटच्या आत भागतात. प्रकाश हॅलोजनच्या तोडीचा नसला तरी दौऱ्यावरच्या नाटकाला हा फरक मोठा आहे: डिमरच्या जड पेट्या टेम्पोत चढवायला नकोत, आणि तालुक्याच्या गावातलं वायरिंग जळेल ही धास्ती नको. नऊवारी आणि शेला-पागोट्यातल्या नटाच्या डोक्यावरची भट्टीही जाते. रंगमंचावरच्या निळ्या रात्रीचा हिशेब तर फारच बोलका आहे. दिव्यापुढे लावलेल्या गडद निळ्या जिलेटीनमधून हॅलोजनचा जेमतेम दोन-चार टक्के प्रकाश पार होतो, बाकीचा जिलेटीनलाच जाळतो. निळा एलईडी थेट निळाच उजळतो. तो तेजस्वी रूपात हाती यायला १९९० चं दशक उजाडावं लागलं, आणि त्यासाठी अकासाकी, अमानो व नाकामुरा या शास्त्रज्ञांना २०१४ चं नोबेल मिळालं, ते उगाच नव्हे.

अडतं ते चेहऱ्यावर. तांबडा, हिरवा, निळा असे तीनच एलईडी मिसळून केलेला पांढरा हा डोळ्याची समजूत काढणारा पांढरा असतो. त्याच्या वर्णपटात मध्ये मोठ्या खाचा असतात, आणि नेमक्या त्या खाचांतले रंग माणसाच्या त्वचेत भरपूर असतात. म्हणून सावळा चेहरा राखाडी पडतो आणि गोरा गुलाबी होतो. दुसरा मार्ग निळ्या एलईडीवर पिवळा फॉस्फर चढवण्याचा. स्वस्त दिव्यांत त्यातला गडद तांबडा कमी पडतो, आणि रंग कितपत खरे दिसतात ते सांगणारा, खोक्यावर छापलेला सीआरआयचा आकडा ही उणीव झाकतो, कारण तो आठ फिकट रंगांची सरासरी असतो. गडद लालची परीक्षा आर ९ नावाच्या वेगळ्या आकड्यात असते आणि तो सहसा छापत नाहीत. आपल्याला तर तोच सगळ्यात आधी हवा. कुंकू, गालावरची लाली, लाल काठ, शेंदूर, जास्वंद हे सगळं आर ९ वर उभं आहे. तो कमी असला की कुंकू तपकिरी दिसतं. चांगल्या बनावटीत यावर उत्तर म्हणून रंग वाढवले गेले; ईटीसी या कंपनीच्या लस्टर मालिकेच्या दुसऱ्या आवृत्तीत तांबड्या, हिरव्या, निळ्याच्या जोडीला अंबर, लिंबू-हिरवा, आकाशी आणि जांभळट निळा असे एकूण सात रंग आहेत, ते रोषणाईसाठी नसून चेहऱ्यासाठी.

देवळात हा प्रश्न अधिक नाजूक होतो. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या किरणोत्सवाकडे पाहावं. ९, १० आणि ११ नोव्हेंबरला, आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारीला, मावळत्या सूर्याची किरणं महाद्वारातून गाभाऱ्यापर्यंत जातात. पहिल्या दिवशी पायांवर, मग कमरेपर्यंत, मग मुखावर अशी चढत जातात, वाटेत ढग किंवा बांधकाम आडवं आलं नाही तर. हा प्रकाश मंद, उबदार, समोरून येणारा आणि सरकता असतो, आणि तो भोवतीच्या अंधारामुळेच दिसतो. गाभारा काळोखा ठेवणाऱ्यांना प्रकाश कळत होता. तिथे ६५०० केल्विनच्या पांढऱ्या पट्ट्या छतभर लावल्या की काळ्या पाषाणाचा उठाव सपाट होतो, सोन्याचा मुकुट पितळी वाटतो, आणि निरांजनाची ज्योत मूर्तीच्या मुखावर दिसेनाशी होते. ज्योतीचा प्रकाश १९०० केल्विनच्या आसपास असतो. ओवाळताना तो मुखावर फिरावा म्हणूनच ओवाळायचं ना? प्रभावळीमागे पळणाऱ्या रंगीत दिव्यांबद्दल तर बोलायलाच नको. वास्तविक देवळाचा दिवस प्रसंगांत आधीच वाटलेला आहे: काकड आरती, महापूजा, धूपारती, शेजारती. या प्रत्येकाची प्रकाशाची पातळी एकदा बसवून भिंतीवरच्या चार बटणांत साठवली, की पुजाऱ्यांना तंत्र शिकावं लागत नाही. व्हॅटिकनच्या सिस्टिन चॅपेलमध्ये २०१४ साली सुमारे ७००० एलईडी बसवले, ते भित्तिचित्रांतल्या रंगद्रव्यांची जागोजाग मोजणी करून आणि प्रकाशाचा पट त्यांना जुळवून घेऊन. शेंदराच्या गणपतीसाठी किंवा ओल्ड गोव्याच्या से कॅथेड्रलमधल्या सोनेरी वेदीसाठी तशीच मोजणी करायला हरकत कसली?

हरकत पैशाची, असं उत्तर येईल, आणि ते खरं आहे. चांगला दिवा स्वस्त दिव्याच्या कैक पट महाग असतो. पण सगळे दिवे तसे लागत नाहीत. पडद्यावरचं आकाश, मागचा पसरट उजेड, मंडपाची रोषणाई यांना साधे पार चालतात. चेहऱ्यावर येणारे समोरचे आठ-दहा आणि मूर्तीवरचे दोन-तीन उत्तम घेतले तरी बाजी सावरते. प्रेक्षकाला एवढं कुठे कळतं, असंही म्हटलं जातं. त्याला कारण सांगता येत नसेल. पण नट थकलेला का वाटला, मूर्ती आज निस्तेज का भासली, हे त्याला जाणवतं. विजेच्या बचतीचा मुद्दा मात्र तपासून घ्यावा. नाट्यगृहात हे दिवे प्रयोगापुरते, तेही बरेचसे अर्ध्या जोरावर जळतात, आणि मुख्य स्विच बंद केला नाही तर एलईडी दिवसभर थोडी थोडी वीज खात राहतात. पहाटेपासून रात्रीपर्यंत उघड्या असलेल्या देवळाला हीच बचत कितीतरी अधिक. म्हणजे जाहिरात ज्या कारणासाठी नाट्यगृहाला एलईडी विकते, ते कारण देवळाला जास्त लागू पडतं. बचतीच्याच नावाने युरोपात २०१८ साली दर वॅटला ८५ ल्यूमेनची सरसकट अट पुढे आली, तेव्हा तिथल्या रंगकर्मींनी जोरदार मोहीम उभारून रंगमंचाच्या दिव्यांसाठी सवलती मिळवल्या. ल्यूमेन मोजून चेहरा मोजता येत नाही, हाच त्यांचा मुद्दा होता.

सगळ्यात वजनदार आक्षेप दुरुस्तीचा आहे. हॅलोजनचा गोळा शिडीवर चढून दोन मिनिटांत बदलता येई. एलईडीची ५०,००० तासांची ग्वाही बहुतेक वेळा प्रकाश ७० टक्क्यांवर येईपर्यंतची असते, आणि त्याच्या कितीतरी आधी आतलं विजेचं सर्किट धुळीने, कोकणातल्या दमटपणाने किंवा विजेच्या चढउतारांनी दगा देतं. मग अख्खा दिवा खोक्यात घालून मुंबईला पाठवायचा, आणि दोन वर्षांनी ते मॉडेलच बंद झालेलं. यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही, पण निविदेत सुटे भाग इतकी वर्षं मिळतील अशी अट घालणं, दोन दिवे शिलकीत ठेवणं आणि पंख्याविना थंड राहणारे दिवे निवडणं हे हाती आहे. पंखा नसला की धूळ कमी ओढली जाते, आणि नटाने घेतलेल्या विरामात घरघरही ऐकू येत नाही.

त्याच निविदेत प्रात्यक्षिकाची अट असावी, आणि ते दुकानात नव्हे तर त्याच नाट्यगृहात, त्याच गाभाऱ्यात. बाकीचे सगळे दिवे घालवावेत. एका माणसाला कुंकू लावून, लाल काठाचं वस्त्र देऊन समोर उभं करावं. दिवा पाच टक्क्यांवर ठेवून रंग पाहावा, मग तीस सेकंदांत शून्यावर आणावा आणि मोबाइलवर चित्रित करावा. ठेकेदाराला यात अर्धा तास लागेल, आणि प्रकाशयोजनाकाराला, रंगभूषाकाराला किंवा देवस्थानच्या पुजाऱ्यांना त्या वेळी सोबत बसवायला काही खर्च येत नाही.