पिंपभर पाण्यात चिमूटभर कोयनेल

दोनशे लिटर पाण्याचं मोठं पिंप डोळ्यांसमोर आणा. त्यात थोडी थोडी साखर घालून ढवळायचं आणि दर वेळी चमचाभर पाणी चाखायचं. ‘हं, आता गोड लागतंय’ असं म्हणेपर्यंत साधारण ७०० ग्रॅम साखर संपलेली असेल.

आता तसंच दुसरं पिंप. यात साखरेऐवजी कोयनेल. सिंकोना झाडाच्या सालीतून काढलेलं हे हिवतापावरचं जुनं औषध इतकं कडू, की आजी अजून म्हणते, ‘कोयनेलसारखं कडूजहर!’ ते किती लागेल? फक्त अर्धा ग्रॅम. एक चिमूट! (हा प्रयोग मनातच करायचा, बरं का.)

त्या पिंपात पाण्याच्या सुमारे सत्तर लाख रेणूंमागे कोयनेलचा एकच रेणू असतो. सत्तर लाखांच्या गर्दीत लपलेला एक चोर, आणि जीभ त्याला हुडकून काढते. पण रेणू इतके बारीक असतात, की या पाण्याच्या एका थेंबातले कोयनेलचे रेणू जगातल्या ८०० कोटी माणसांना वाटले, तरी प्रत्येकाच्या वाट्याला तीस हजार येतील.

एवढी हुशारी जिभेत असते कुठे? जांभळं खाल्ल्यावर जीभ काढून एकमेकांना दाखवता ना? तशीच खाण्याच्या निळ्या रंगाचा एक थेंब लावून ती रंगवा आणि आरशासमोर उभे राहा. निळ्या जिभेवर गुलाबी ठिपके उठून दिसतील. कागदाला पंचिंग मशिनने भोक पाडून तो जिभेच्या टोकावर ठेवा आणि भोकातले ठिपके मोजा. कुणाचे दहा-पंधरा भरतील, कुणाचे तीस-पस्तीस. माणसामाणसांत एवढा फरक असतो.

हे ठिपके म्हणजे नुसती घरं. आत राहतात त्या रुचिकलिका, नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या. माणसाच्या तोंडात त्या काही हजार असतात. जिभेवर तर असतातच, टाळूवर आणि घशातही असतात. एकेका कलिकेत ५० ते १०० पेशी, लसणाच्या पाकळ्यांसारख्या दाटीवाटीने बसलेल्या. पाच हजार कलिका धरल्या, तर अडीच ते पाच लाख पेशी झाल्या.

या पेशींवर सूक्ष्म कुलपं असतात. योग्य रेणूची किल्ली बसली की मेंदूकडे निरोप जातो. गोडासाठी मुख्य कुलूप एकाच प्रकारचं आहे. कडूसाठी? सुमारे पंचवीस! मला तर जिभेची ही सगळ्यात मोठी कमाल वाटते. साखरेची ओळख पटायला एक कुलूप पुरतं, पण झाडापाल्यातली विषं नाना तऱ्हेची, आणि त्यातली बरीचशी कडू. जंगलात जे दिसेल ते चाखून बघणाऱ्या आपल्या पूर्वजांचा जीव या पहारेकऱ्यांनी वाचवला. तेव्हा ताटात कारलं आलं की तोंड वाकडं होतं, त्यात तुमचा हट्ट थोडा आणि या पंचवीस कुलपांचं काम जास्त. कारलं काही विष नाही, पण ते कुलपांना कुठे ठाऊक!

गोड, आंबट, खारट, कडू या चार चवी तुम्हाला माहीत आहेत. पाचवी १९०८ साली जपानच्या किकुनाए इकेदांनी समुद्रशेवाळाच्या सुपात शोधली. तिचं नाव उमामी. तिखट या यादीत नाही, कारण मिरची जीभ पोळल्याचा निरोप धाडते, चवीचा नाही.

मांजराचं गोडाचं कुलूपच मोडलेलं आहे, त्यामुळे साखर त्याला गोड लागत नाही. उलट अमेरिकेतल्या चॅनल कॅटफिश या मिशाळ माशाच्या मिशांवर आणि अंगभर मिळून लाखाहून जास्त रुचिकलिका असतात. गढूळ पाण्यात पोहताना त्याची सगळी कातडीच चव घेत असते.

आणि आपल्या या लाखो पेशी टिकतात किती? सरासरी दहा ते चौदा दिवस. जुन्या गळतात, नव्या उगवतात. हिशेब केला तर दर दोन-चार सेकंदांना एक नवी. तुम्ही दहा वर्षांचे असाल, तर तुमच्या चवीच्या पेशी अडीचशेहून जास्त वेळा बदलून झाल्या आहेत. गेल्या महिन्यात ज्यांनी आंब्याची पहिली फोड चाखली, त्यांतल्या बहुतेक पेशी आज तुमच्या तोंडात नाहीत. तरी आंबा आंब्यासारखाच लागतो.