दगड जुना, घळ नवी

एखादी घळ पाहिली की मुलांना विचारावे : दगड आधीचा की घळ? उत्तर सोपे आहे. पण दोहोंच्या वयांत अंतर किती, हा खरा प्रश्न.

अमेरिकेत शिकागोच्या नैर्ऋत्येस, इलिनॉय राज्यात, ‘स्टार्व्ड रॉक’ हे राज्य उद्यान १९११ पासून आहे. तेथे रानातून जाणाऱ्या सुमारे २१ किलोमीटरच्या पायवाटा आणि १८ घळी आहेत. येथला वालुकाश्म उथळ समुद्रातील वाळूपासून सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वी बनला. घळी मात्र त्या मानाने कालपरवाच्या! सुमारे १९ हजार वर्षांपूर्वी वितळत्या हिमस्तरांच्या पाण्याचा प्रचंड लोंढा इलिनॉय नदीच्या खोऱ्यातून गेला. खोरे खोल झाले आणि नदीला मिळणारे ओढे उंचावरून कोसळू लागले. कोसळते पाणी कड्याचा पाया पोखरते, वरचा भाग ढासळतो, धबधबा मागे सरकतो. पुढे उरते ती घळ.

हे इतक्या लवकर कसे घडले? हा दगड जवळजवळ शुद्ध क्वार्ट्‌झच्या कणांचा आहे. कण कठीण, पण त्यांना जोडणारा बंध दुबळा. बोटाने घासले तरी कण सुटतात. आपल्या सह्याद्रीतील ताज्या बेसाल्टवर बोट घासून पाहा; फरक लगेच कळेल.

म्हणूनच पायवाट सोडू नये, भिंतीवर नाव कोरू नये, हा नियम केवळ शिस्तीचा नाही. सुटलेला कण पुन्हा चिकटत नाही. आणि कड्याचा काठ पायाखालून निसटू शकतो. सहलीला निघण्यापूर्वी वर्गात एवढे उलगडून सांगितले, तर तेथली पाटी मुलांना आपोआप पटेल.