खारट वाळूतले सोने आणि चकतीचा आकार

समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असलेल्या जालना जिल्ह्यातल्या वाचकाने किनाऱ्यावरच्या धातुशोधाचा विचार का करावा, हा प्रश्न रास्त आहे. त्याची दोन उत्तरे आहेत. पहिले घरगुती आहे. दिवाळीच्या सुट्टीत अंबड, परतूर, भोकरदनकडची कुटुंबे गाड्या करून कोकणात उतरतात. लाटेच्या एका तडाख्यात मंगळसूत्र तुटते किंवा थंड पाण्याने आक्रसलेल्या बोटातून अंगठी निसटते, आणि मग 'मशीनवाला' शोधायची धावपळ सुरू होते. दुसरे उत्तर आपल्या काळ्या जमिनीशी निगडित आहे. मराठवाड्यात गुप्तधनाच्या नादी लागलेल्या माणसाला 'वीस फूट खालचे सोने दाखवणारे' यंत्र विकणारे भेटतात. यंत्राचे डोके, म्हणजे जमिनीवरून फिरवायची ती गोल चकती, जितकी मोठी तितके सोने जास्त, अशी समजूत या दोन्ही ठिकाणी असते. ती कुठे बरोबर आहे आणि कुठे साफ चुकते, हे समजून घेण्यासाठी खारट वाळूइतकी चांगली प्रयोगशाळा नाही.

यंत्र ऐकते काय?

मेटल डिटेक्टरच्या चकतीत तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. त्यांनाच कॉइल म्हणतात. एका वेटोळ्यातून सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारा प्रवाह सोडला की चकतीखाली तसेच बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते. त्या क्षेत्रात धातूची वस्तू आली, की तिच्यात भोवऱ्यासारखे प्रवाह फिरू लागतात. हे भोवरे स्वतःचे छोटे चुंबकीय क्षेत्र उभे करतात आणि दुसरे वेटोळे ते टिपते. म्हणजे यंत्राला सोने 'दिसत' नाही. आपणच मारलेल्या हाकेचा प्रतिध्वनी ते ऐकत असते.

या हाकेची पहिली प्रसिद्ध परीक्षा १८८१ साली झाली. अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर २ जुलैला गोळीबार झाला. शरीरात अडकलेली गोळी शोधण्यासाठी टेलिफोनकर्ते अलेक्झांडर ग्रॅहम बेल आपले यंत्र घेऊन आले. प्रयोगात चाललेले यंत्र रुग्णापाशी गोंधळले. अध्यक्ष ज्या गादीवर झोपले होते, तिच्यात पोलादी स्प्रिंगा होत्या. शिवाय डॉक्टरांनी उजव्या अंगालाच तपासू दिले आणि गोळी डाव्या बाजूला होती. १९ सप्टेंबरला गारफिल्ड गेले. या प्रसंगाचा धडा आजही लागू आहे. वस्तूचा आवाज किती मोठा यापेक्षा वस्तूच्या आजूबाजूचा आवाज किती मोठा, यावर शोधाचे यश ठरते. बेलच्या बाबतीत तो आवाज गादीचा होता. किनाऱ्यावर तो मिठाचा असतो.

मीठ आणि काळी वाळू

समुद्राच्या पाण्यात वजनाने सुमारे साडेतीन टक्के मीठ असते. त्यामुळे ते गोड्या पाण्याच्या शेकडो पट अधिक वीज वाहून नेते. तांब्याच्या मानाने ही वाहकता नगण्य असली, तरी चकतीखाली पाण्याचा कण एक नसतो. ओल्या वाळूचा अख्खा ढीग असतो आणि त्या ढिगाचा एकत्रित प्रतिध्वनी अंगठीच्या प्रतिध्वनीला सहज झाकून टाकतो.

कोकणात याला आणखी एक भर पडते. आपल्या जालन्याच्या काळ्या मातीखाली जो बेसाल्ट खडक आहे, तोच सह्याद्रीतही आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे हे थर. या खडकातले मॅग्नेटाइट आणि इल्मेनाइट हे लोहयुक्त कण नद्यांनी किनाऱ्यावर नेऊन टाकले. रत्नागिरीजवळ काळबादेवी आणि मिऱ्याच्या किनाऱ्यांवर अशा काळ्या वाळूचे थर आहेत. मॅग्नेटाइट चुंबकीय असल्यामुळे हाकेला लगेच उत्तर देते. मिठाचे पाणी पाव फेरा उशिरा उत्तर देते. एकाच वारंवारतेवर चालणाऱ्या यंत्राला यांपैकी एका उत्तराकडे दुर्लक्ष करायला शिकवता येते. दोन्हींकडे एकाच वेळी दुर्लक्ष करणे त्याला अवघड जाते.

खरी अडचण त्यापुढे आहे. जाड तांब्याचे भांडे किंवा जुना रुपया खूप उशिरा, स्पष्ट उत्तर देतो. तो मिठापासून वेगळा ओळखता येतो. पण पातळ सोन्याचे उत्तर जवळजवळ मिठाच्याच वेळेला येते. मंगळसूत्राच्या वाट्या पातळ पत्र्याच्या आणि आतून पोकळ असतात. काळे मणी काचेचे, त्यांना यंत्र ओळखतच नाही. सोन्याच्या साखळीतही प्रत्येक कडी सुटी मोजली जाते, कारण कड्यांमधला स्पर्श इतका तुटक असतो की प्रवाहाचा मोठा भोवरा साखळीभर फिरू शकत नाही. त्यामुळे पाच तोळ्यांची बारीक कड्यांची साखळी एका साध्या अखंड वळ्यापेक्षा कमी आवाज करू शकते. यंत्राला 'मीठ गाळ' असे सांगितले, की मिठाबरोबर वाटीही गाळली जाण्याचा धोका असतो. म्हणून खारट वाळूत मीठ मुळातच कमी ऐकू येईल अशी व्यवस्था करणे हा पहिला उपाय. चकतीचा आकार निवडायचा तो यासाठी.

चकतीचे गणित

बाजारात साधारण १५, २३, २८ आणि ३८ सेंटिमीटर व्यासाच्या चकत्या मिळतात. इंचांत सांगायचे तर ६, ९, ११ आणि १५. मोठ्या चकतीचे क्षेत्र खोल जाते, हे खरे आहे. पण व्यास दुप्पट केला की चकतीच्या टप्प्यात येणाऱ्या वाळूचे घनफळ आठपट होते. २८ वरून ३८ सेंटिमीटरवर गेलो, तर टप्प्यातली खारट वाळू सुमारे अडीचपट वाढते.

त्या बदल्यात वस्तूचा आवाज किती वाढतो? दोन्ही चकत्यांत तारेचे वेढे आणि प्रवाह सारखा आहे असे धरून शाळेतल्या सूत्राने हिशोब मांडता येतो. अंगठी १० सेंटिमीटर खाली असेल तर ३८ ची चकती २८ च्या चकतीपेक्षा सुमारे दहा टक्के कमीच आवाज देते, कारण तिचे क्षेत्र जवळच्या वस्तूवर एकवटत नाही. अंगठी २० सेंटिमीटर खाली असेल तर मोठी चकती सुमारे १.६ पट आवाज देते. म्हणजे सोन्याचा आवाज १.६ पट आणि वाळू अडीचपट. कोरड्या, स्वच्छ वाळूत हा सौदा परवडतो, कारण तिथे वाळू जवळपास मुकी असते. ओल्या वाळूत तो तोट्याचा आहे.

मग सर्वांत लहान चकतीच का घेऊ नये? ५ सेंटिमीटर खोलीवर १५ ची चकती २८ च्या चकतीला मागे टाकते आणि मीठही कितीतरी कमी ऐकते. पण २० सेंटिमीटर खोलीवर तिचा आवाज २८ च्या चकतीच्या पाचव्या हिश्शाहून कमी उरतो. इतका क्षीण आवाज यंत्राच्या स्वतःच्या विद्युत कुरकुरीत हरवतो. दुसरी अडचण वेळेची. निमुळत्या चकतीने तेवढाच किनारा झाडायला जवळपास दुप्पट फेऱ्या लागतात आणि ओहोटी कोणासाठी थांबत नाही.

यातून निघणारा व्यवहारी निष्कर्ष असा. ओल्या खारट वाळूसाठी २३ ते २८ सेंटिमीटर ही मधली चकती योग्य. गुडघाभर पाण्यात शिरायचे असेल तर २३ च्या जवळची, कारण मोठी चकती पाण्यात पंख्यासारखी ढकलली जाते. काळ्या वाळूचा पट्टा किंवा बाटल्यांची बुचे, खिळे, विसर्जनानंतरच्या मूर्तींतल्या तारा पडलेला किनारा असेल तर १५ ते २० ची, कारण लहान चकती शेजारी पडलेल्या दोन वस्तू वेगळ्या सांगते. ३८ ची चकती भरतीच्या रेषेच्या वरच्या कोरड्या वाळूसाठी, किंवा पुरलेल्या पेटीसारख्या मोठ्या वस्तूसाठी. १९९७ साली दिवेआगरच्या वाडीत जमीन खणताना तांब्याच्या पेटीत गणपतीचा सुवर्ण मुखवटा मिळाला, तो यंत्राविना मिळाला. पण तशी पेटी शोधायची असती तर मोठी चकती उपयोगी पडली असती. मंगळसूत्राची वाटी म्हणजे पेटी नव्हे.

आकाराइतकीच चकतीची रचनाही महत्त्वाची. 'डबल डी' प्रकारात इंग्रजी डी अक्षराच्या आकाराची दोन वेटोळी एकमेकांवर थोडी चढवलेली असतात. तिचा संवेदनशील भाग सुरीच्या पात्यासारखा अरुंद पट्टा असतो. एकात एक वर्तुळे असलेल्या जुन्या रचनेत तो शंकूसारखा पसरतो. पाते शंकूपेक्षा कमी वाळू कापते, म्हणून किनाऱ्यावर डबल डी बरी. यंत्र अनेक वारंवारतांवर एकदम चालणारे असावे, म्हणजे मीठ आणि मॅग्नेटाइट या दोघांचा हिशोब एकत्र लावता येतो. 'पल्स इंडक्शन' हा दुसरा पर्याय. यात क्षेत्र अचानक तोडले जाते आणि मग काही मायक्रोसेकंद थांबून उत्तर ऐकले जाते. पाण्यातले भोवरे तोवर विरलेले असतात. मात्र अतिबारीक सोन्याचे भोवरेही लवकर विरतात आणि लोखंड-सोने हा भेद करण्यात हे यंत्र कच्चे असते.

हाताची सवय हा यातला बिनखर्चाचा भाग. झाडू मारताना चकती दोन्ही टोकांना उचलली जाते. ओल्या वाळूपासूनचे अंतर बदलले की मिठाचा आवाज बदलतो आणि यंत्र खोटी साद घालते. लाट येते-जाते त्या रेषेवर चकती क्षणात पाण्यात, क्षणात बाहेर असते, म्हणून तो पट्टा सर्वांत त्रासदायक. चकती वाळूला समांतर ठेवावी, किनाऱ्याला समांतर चालावे, आणि गोंगाट वाढला की संवेदनशीलता कमी करावी. बडबडणाऱ्या यंत्रापेक्षा थोडे कमी खोल जाणारे शांत यंत्र अधिक सोने शोधते.

घराजवळचा धडा

खारटपणा आणि बेसाल्ट एकत्र पाहायला समुद्रावरच जावे लागते असे नाही. आपल्या मंठा तालुक्याला लागून बुलढाणा जिल्ह्यात लोणारचे सरोवर आहे. खारट, क्षारयुक्त पाणी आणि भोवती बेसाल्टचे कडे. ते अभयारण्य आणि रामसर स्थळ असल्याने तिथे खोदाईचा प्रश्नच येत नाही. पण कोकणच्या किनाऱ्यावर यंत्राला छळणाऱ्या दोन्ही गोष्टी आपल्या शेजारीच नांदतात, हे लक्षात यावे. शेतातली काळी माती चुंबकीय आहे. पाऊस पडून गेल्यावर तिच्यातला ओलावाही बोलू लागतो.

म्हणूनच 'वीस फुटां'च्या दाव्याकडे पुन्हा पाहू. चकतीच्या व्यासाच्या पलीकडे गेल्यावर क्षेत्र अंतराच्या घनाने ओसरते. हाक जाताना आणि उत्तर येताना असे दोनदा ओसरत असल्याने अंतर दुप्पट झाले की आवाज चौसष्टावा हिस्सा उरतो. नाण्याएवढ्या वस्तूसाठी चकतीच्या व्यासाइतकी खोली हीच ढोबळ मर्यादा. वीस फुटांवरचे नाणे सांगणारी हातात धरायची काठी हे यंत्र नसून फसवणूक असते. अशाच पोकळ काठ्या बॉम्बशोधक म्हणून इराकला विकणाऱ्या ब्रिटिश विक्रेत्याला २०१३ साली दहा वर्षांची शिक्षा झाली.

कायदाही ध्यानात ठेवावा. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडवलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर ती जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. तिथल्या उत्खननात मिळालेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे पाँपेईत सापडलेल्या मूर्तीशी साम्य आहे. त्या मूर्तीचे मोल ती कोणत्या थरात, कशाशेजारी सापडली यात आहे आणि ते मोल कोणतेही यंत्र दाखवत नाही. किनाऱ्यावर कालच हरवलेली अंगठी मात्र गुप्तधन नव्हे. ती मालकाचीच असते. १८७२ च्या करार कायद्याच्या ७१ व्या कलमाने सापडणाऱ्यावर ती जपण्याची जबाबदारी टाकली आहे.

दागिना हरवलाच तर सर्वांत आधी जागा पक्की करावी. किनाऱ्यावरची दोन स्थिर खुणेची ठिकाणे, माड, देऊळ, दीपस्तंभ, यांच्या रेषेत आपण कुठे उभे होतो ते लिहून घ्यावे. वेळ आणि भरती-ओहोटीची स्थिती नोंदवावी. पायाने वाळू उकरू नये. बावीस कॅरट सोन्याची घनता वाळूच्या कणाच्या सहापटीहून अधिक असल्याने हलवलेल्या वाळूत ते खाली खाली जाते. अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत उधाण असते आणि तेव्हाची ओहोटी सर्वांत दूरवर जाते. भांगाच्या दिवसांत तेवढा किनारा उघडा पडत नाही. लक्ष्मीपूजन अमावास्येचे, त्यामुळे पाडवा-भाऊबीजेची ओहोटी शोधाला अनुकूल असते. यंत्रवाल्याला बोलावताना खोली किती, एवढेच विचारू नये. चकती किती सेंटिमीटरची, डबल डी आहे का, आणि ओल्या वाळूत यंत्र शांत राहते का, हे तीन प्रश्न विचारावेत. वाटी दोन-तीन लाटांनी फार तर वीतभर खाली गेलेली असते. तिथवर पोचायला मधली चकती पुरते.